बीपीचं मशीन घेण्याआधी शिंप्याची टेप शोधा

औषधाच्या दुकानात "घरी वापरायला बीपीचं मशीन द्या" म्हटलं की काउंटरवर जे दोन-तीन खोके येतात, त्यात ओमरॉनचं एचईएम-७१२० हमखास असतं. एक बटण, चार पेन्सिल सेल, दंडाला गुंडाळायचा कफ, किंमत दोन हजारांच्या आसपास. यंत्रात खोट काढावी असं फारसं काही नाही. घोळ होतो तो कफपाशी, आणि तो खोका फोडण्याआधीच झालेला असतो.

सोबत मिळणारा कफ २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे. खोक्यावर तसं छापलेलं असतं, पण दुकानात उभ्या उभ्या दंड कोण मोजतं? घरून मोजून जा. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, शिंप्याची टेप फिरवायची. टेप कातडीला टेकावी, रुतू नये. अंगाने भरलेल्या माणसाचा दंड सहज ३४-३५ भरतो. त्याला ३२ ते ४२ सेंटिमीटरचा मोठा कफ लागतो आणि तो वेगळा विकत घ्यावा लागतो. आपल्या मॉडेलला कोणत्या क्रमांकाचा कफ चालतो ते माहितीपत्रकात दिलेलं असतं, तोच घ्या. दुसऱ्या कंपनीचा कफ नळीत बसला म्हणून चालतो असं नाही. यंत्राचं गणित त्याच्या स्वतःच्या कफवर बेतलेलं असतं.

हा कफचा मुद्दा किती महागात पडतो, याचं मोजमाप अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९५ प्रौढांवर झालं आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रत्येकाचं बीपी योग्य मापाच्या कफने आणि नेहमीच्या मध्यम कफनेही घेतलं. ज्यांना मोठा कफ लागतो त्यांचं वरचं बीपी मध्यम कफवर सरासरी ४.८ ने जास्त आलं. ज्यांना त्याहूनही मोठा लागतो त्यांचं तब्बल १९.५ ने. म्हणजे खरं १२५ असलेल्या माणसाच्या पडद्यावर १४४-१४५ दिसणार, आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होणार. बारीक दंडाच्या लोकांचं उलट झालं, सरासरी ३.६ ने कमी. वाळलेल्या हातांच्या आजीचं बीपी "अगदी छान" येतं तेव्हा हेही तपासून घ्यावं.

कारण साधं आहे. कफच्या आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद हवी. ती आखूड किंवा अरुंद पडली की दाब खोल रोहिणीपर्यंत पुरा पोचत नाही, मग ती दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा फुगतो. दुखणं जुनंच आहे. इटलीच्या डॉक्टर रिवा-रोच्चीने १८९६ मध्ये सायकलच्या ट्यूबचा जो पट्टा केला, तो जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता. त्याचे आकडे फुगतात हे जर्मन डॉक्टर फोन रेक्लिंगहाउझेनने १९०१ मध्येच दाखवून पट्टा रुंद केला.

आता खोक्यावरच्या "अधिक-उणे ३ मिमी" (पाऱ्याचे मिलिमीटर, बीपी मोजायचं एकक) या अचूकतेबद्दल. ती यंत्राच्या दाबमापकाची अचूकता आहे, तुमच्या दंडावर येणाऱ्या आकड्याची नव्हे. पूर्ण यंत्राची परीक्षा वेगळी असते: आंतरराष्ट्रीय मानकानुसार निदान ८५ माणसांवर प्रशिक्षित निरीक्षकांच्या मोजणीशी तुलना करायची; सरासरी फरक ५ मिमीच्या आत आणि फरकांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, ८ च्या आत हवं. त्यामुळे पास झालेलं यंत्रही एखाद्या माणसाच्या बाबतीत ७-८ ने चुकू शकतं. कोणतंही मॉडेल घेताना "क्लिनिकली व्हॅलिडेटेड" (अशा परीक्षेत पास झालेलं) आहे का हे त्या मॉडेलच्या नावानिशी पाहा, नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका.

हे मशीन स्टेथोस्कोपसारखा आवाज ऐकत नाही. कफमधली हवा सुटत असताना नाडीमुळे जी बारीक थरथर होते ती सर्वांत मोठी कुठे होते ते पकडतं, आणि त्यावरून वरचा व खालचा आकडा हिशेबाने काढतं. म्हणूनच मधे हात हलला, बोललं, खोकला आला की हिशेब बिघडतो. ज्यांची नाडी अनियमित आहे (एट्रियल फिब्रिलेशन), त्यांची प्रत्येक थरथर वेगळी असते. त्यांनी लागोपाठ तीन वेळा मोजून सरासरी धरावी आणि एका आकड्यावर विश्वास ठेवू नये.

बांधायची पद्धत: बाही वर सरकवू नका, तिचा दंडाला फास बसतो. सरळ हात बाहेर काढा. कफची खालची कड कोपराच्या खळगीच्या बोटभर वर, नळी आतल्या बाजूने तळहाताकडे. कफखाली एक-दोन बोटं जातील इतकाच घट्ट. पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको, लघवीला जाऊन आलेलं असावं, चहा-तंबाखूला अर्धा तास झालेला असावा. मग पाच मिनिटं गप्प बसायचं. "गप्प" याचा अर्थ मोबाइलही नको.

आणि हात टेबलावर. सोफ्यावर बसून हात मांडीवर ठेवायची आपली सवय वाईट आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३३ जणांच्या अभ्यासात हात मांडीवर ठेवल्याने वरचं बीपी सरासरी ३.९ ने, तर बाजूला लोंबता ठेवल्याने ६.५ ने जास्त आलं. कफ छातीच्या मध्याच्या पातळीत येत नसेल तर हाताखाली उशी किंवा जाडजूड दिवाळी अंक ठेवा. कफ हृदयापासून १० सेंटिमीटर खाली गेला की निव्वळ रक्ताच्या वजनाने ७-८ मिमी वाढतात. मनगटावरची मशीनं याच कारणाने टाळावीत. मनगट बरोबर पातळीवर धरणं रोज कुणाला जमत नाही.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. जो जास्त येईल तो पुढे कायम. दोन हातांत १५ किंवा जास्त फरक पुन्हा पुन्हा आला तर डॉक्टरांना सांगा, तो पायांच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराशी जोडलेला आढळला आहे.

मग सात दिवस: सकाळी गोळी व नाश्त्याआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, दोन मोजण्यांत एक मिनिट सोडून. पहिला दिवस टाकून द्या, उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी काढा. घरच्या सरासरीसाठी बीपी जास्त धरायची रेघ १३५/८५ आहे, दवाखान्यातली १४०/९० नव्हे. इथे ७१२० ची खरी उणीव समोर येते: त्याच्या स्मरणात फक्त शेवटचा आकडा राहतो. वहीत नेमाने लिहिणारं कुणी घरात असेल तर हरकत नाही. नसेल तर थोडे पैसे जास्त घालून स्मरण असलेलं मॉडेल घ्या. आठवणीने सांगितलेले आकडे गोल होतात.

वहीचं महत्त्व उगाच नाही. ब्रिटनमध्ये ११८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, घरच्या आकड्यांवरून डॉक्टरांनी औषध ठरवलेल्या गटाचं वरचं बीपी वर्षाअखेरीस नेहमीच्या पद्धतीच्या गटापेक्षा सुमारे साडेतीन मिमीने कमी होतं. आकडे डॉक्टरांपर्यंत गेले म्हणून. नुसतं मोजून खुर्चीवर ठेवलेल्या मशीनने काही उतरत नाही. आकडे पाहून गोळी सकाळची रात्री करणारेही बरेच असतात. २१,१०४ जणांवर झालेल्या ब्रिटिश अभ्यासात (२०२२) हृदयविकार वा पक्षाघाताच्या बाबतीत सकाळ-रात्र असा फरक आढळला नाही. विसरणार नाही ती वेळ बरी.

देखभाल थोडी. नळी यंत्राभोवती करकचून गुंडाळू नका, तोंडाशी तडा जाऊन हवा सुटते. मग कफ पुन्हा पुन्हा फुगतो किंवा चूक दाखवून थांबतो. सेल अल्कलाइन घाला, महिनाभर वापर नसेल तर काढून ठेवा. अ‍ॅडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. वर्षातून एकदा मशीन डॉक्टरांकडे नेऊन त्याच दंडावर त्यांच्या यंत्राशी आलटून पालटून दोन-तीनदा ताडून घ्या. पिशवी भरताना कफ घरी राहणार नाही एवढं बघा, नाहीतर चक्कर फुकट.