सीएमटी किट: सड कोणता ते कळतं, जंतू कोणता ते नाही

दूध दिसायला स्वच्छ, कास मऊ, तरी उतारा घटतोय. अशी छुपी दगडी, म्हणजे कासेचा दाह, पकडायला कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टचं (सीएमटी) किट घ्यावं का? घ्यावं. चार वाट्यांचं प्लास्टिकचं पॅडल आणि जांभळ्या द्रावणाची बाटली, बस. ही चाचणी १९५७ सालची आहे आणि गोठ्यात आजही तिचाच आधार आहे.

सड पुसून पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्या. मग चारही सडांची धार आपापल्या वाटीत घ्या आणि पॅडल तिरकं करून जास्तीचं दूध सांडा. साधारण २ मिली उरलं की तेवढंच द्रावण घालून पॅडल आडवं धरून गोल फिरवा. निकाल २० सेकंदांच्या आत वाचायचा. उशीर केला तर हलका चिकटपणा विरतो आणि नेमका सुरुवातीचा आजार निसटतो. द्रावणातला साबण दुधातल्या पांढऱ्या पेशी फोडतो, त्यांतला डीएनए सुटून दूध घट्ट होतं. पातळच राहिलं तर मिलीमागे पेशी साधारण २ लाखांच्या आत. मधोमध गोळा जमून वाटीच्या तळाला चिकटला तर ५० लाखांच्या आसपास किंवा वर.

फसगत दोन वेळी होते. नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक आणि आटत आलेलं दूध, दोन्ही आजार नसतानाही घट्ट होतात. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेला नमुना तर तपासूच नये. जंतू वाढून दूध आंबतं आणि द्रावण पिवळं पडतं.

किटची खरी मर्यादा मात्र वेगळी आहे. धार काढणाऱ्याच्या हातावरून पसरणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि पावसाळ्यात ओल्या शेणातून सडात शिरणारा ई. कोलाय, दोन्ही जंतूंसाठी घट्टपणा सारखाच. उपचार मात्र सारखा नाही. म्हणून गोळा दिसला की लगेच सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडणं हा पैशांचा चुराडा. त्या सडाचं दूध कल्चर-सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडेल ते पाहणाऱ्या तपासणीला, पाठवा. नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी चौकशी करावी. नमुना घेताना ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने आधी पलीकडचे सड पुसा, मग अलीकडचे. धार मात्र आधी अलीकडच्या सडांची घ्या, म्हणजे पुसलेल्या सडाला हात घासत नाही. निर्जंतुक कुपी, बर्फाचा डबा, २४ तासांच्या आत प्रयोगशाळा. ऑरियस रोज दुधात उतरतोच असं नाही, त्यामुळे एकदा काही उगवलं नाही म्हणून गाय निरोगी धरू नका.

बाटली संपली तर कपड्याच्या पावडरचं ३ टक्के द्रावण, म्हणजे अर्ध्या लिटर पाण्यात १५ ग्रॅम, वेळ निभावून नेतं. रंग नसल्याने वाचायला तेवढं सोपं नाही. पॅडल प्रत्येक गाईनंतर धुवा आणि तपासलेलं दूध गोठ्यात ओतू नका.