तळ झाडणारा की भिंत चढणारा? घरच्या तलावासाठी बिनवायरचा रोबो निवडताना

आमच्या दाजींनी कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या घरामागं गेल्या वर्षी पोहण्याचा तलाव बांधून घेतला. दिवाळी झाल्यापासून त्यांचा एकच प्रश्न आहे: "तलाव साफ करायला रोबो कुठला घेऊ?" माझा तलाव पन्हाळा रस्त्याला, शेतावर. त्याला आता पाच वर्षं होतील. या काळात फक्त तळ झाडणारं साधं यंत्र वापरून झालं, सध्या भिंत चढणारं वापरतोय, आणि एका मित्राचं नकाशा काढून चालणारं महागडं यंत्र पंधरा दिवस आणून चालवून बघितलं. दाजींना जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो, कारण तिन्ही यंत्रं एकाच पाण्यात चालवल्यावर मला जे कळलं ते माहितीपत्रकातून कळलं नव्हतं.

सगळ्यात आधी आपल्या तलावात पडतं काय, ते बघा. माझ्या तलावाला तिन्ही बाजूंनी ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की तोडणीनंतर कुठं ना कुठं पाचट पेटवलेलं असतं आणि संध्याकाळी वाऱ्याबरोबर काळ्या पाकळ्या उडत येतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, तळाला गाळ साचलाय. शेतावरचे तात्या वाकून बोटानं बघून म्हणाले, "ह्यो गाळ न्हवं, काजळी हाय. हात लावला की पीठ हुतंय." नेमकं तेच झालं. जळक्या पाचटाची ती पाकळी पाण्यावर तासभर तरंगते, मग भिजून खाली बसते, आणि रोबोचा ब्रश तिच्यावरून फिरला की तिची भुकटी होते. ती भुकटी साध्या जाळीतून आरपार जाते. यंत्र दीड तास फिरून बाहेर आलं तेव्हा जाळीत चार पानं आणि एक मेलेला नाकतोडा होता, आणि पाणी आधीपेक्षा करडं दिसत होतं.

दाजींच्या तलावात काजळी जवळजवळ नाहीच. तिथं गुलमोहराची बारीक पानं, रस्त्याची धूळ आणि बोअरचं जड पाणी, त्यामुळे पाण्याच्या रेघेला टाईल्सवर पांढरा थर. म्हणजे दोघांना एकच यंत्र चालेलच असं नाही.

आता जाळीचं बघू, कारण मला यात सगळ्यात जास्त फरक दिसला. बहुतेक यंत्रांबरोबर येणाऱ्या जाळीची भोकं १८० मायक्रॉनच्या आसपास असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज येईल. पानं, वाळू, किडे यात अडकतात. काजळीची भुकटी आणि पन्हाळ्याकडची तांबडी माती अडकत नाही. काही यंत्रांना आत बसवायची दुसरी, बारीक जाळी मिळते. ती असेल तरच शेताजवळच्या तलावाला उपयोग. पण बारीक जाळी लवकर तुंबते, आणि तुंबली की यंत्राची ओढ कमी होते. भिंत चढणारं यंत्र मग अर्ध्यातून घसरतं. म्हणून माझा क्रम ठरलाय: आधी हातजाळीनं वरची काजळी काढायची, मग साध्या जाळीवर एक फेरी, ती धुऊन मग बारीक जाळीवर दुसरी.

पावसाळ्यातली लाल पाण्याची तक्रार मात्र कुठल्याच रोबोकडं नेऊ नका. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक असतो, तो कुठल्या जाळीत सापडणार? तिथं पंप बंद ठेवून तुरटी मारायची, रातभर गाळ बसू द्यायचा, आणि सकाळी हातानं व्हॅक्यूम मारून ते पाणी फिल्टरमधून न नेता थेट 'वेस्ट'ला, म्हणजे बाहेर, सोडून द्यायचं. तुरटीनं पीएच खाली येतो, तो नंतर तपासून ७.२ ते ७.८ च्या मध्ये आणायचा. तुरटीनं बसलेल्या गाळात रोबो सोडला तर तो सगळा गाळ पुन्हा ढवळून वर आणतो. हे मी एकदा केलंय. पुढचे तीन दिवस कुणाला पाण्यात उतरता आलं नाही, आणि पोरं सुट्टीला आलेली होती.

भिंतींचा हिशेब लोक करत नाहीत, तो करायला हवा. माझा तलाव २५ फूट बाय १२ फूट, सरासरी खोली साडेचार फूट. तळ झाला ३०० चौरस फूट. चारी भिंतींचा घेर ७४ फूट, गुणिले साडेचार, म्हणजे ३३३ चौरस फूट. तळापेक्षा भिंतीच जास्त! तळ झाडणारं यंत्र घेतलं म्हणजे निम्म्याहून जास्त काम आपल्याच हाती राहिलं. आणि शेवाळ धरतं ते आधी भिंतीला, कोपऱ्यात, पायऱ्यांखाली, जिथं पाणी कमी फिरतं तिथं. शेवाळाचा थर नुसत्या ओढीनं निघत नाही, घासावाच लागतो.

तरीही साधं यंत्र टाकाऊ नाही. ते पाच किलोच्या आसपास असतं, एका हातानं उचलता येतं, आत गुंतागुंत कमी आणि किंमत निम्म्याहून खाली. तलाव लहान असेल, तळ सपाट असेल आणि आठवड्यातून एकदा लांब दांड्याचा ब्रश भिंतीवर फिरवणारं माणूस घरात असेल, तर तेवढ्यावर भागतं. माझं तीन वर्षं भागलं. भिंत चढणारी यंत्रं आठ-दहा किलोची, शिवाय पाण्यातून काढताना पोटात पाणी असतं. तात्यांना कंबरेचा त्रास आहे. त्यांना मी हुकानं ते काठापर्यंत ओढून, पाणी गळू देऊन मगच उचलायला सांगतो. आपल्या घरी रोज हे कोण करणार, हे ठरवल्याशिवाय वजनाचा आकडा वाचून काही कळत नाही.

भिंत चढणं म्हणजे काय, तेही सांगतो. यंत्र पोटाकडून पाणी ओढून पाठीकडून जोरात फेकतं, त्या दाबानं भिंतीला चिकटतं आणि ब्रश-पट्ट्यांच्या पकडीवर वर सरकतं. तळ आणि भिंत जिथं मिळतात तिथं गोलाई दिलेली असेल तर सहज चढतं, काटकोन असेल तर दोन-तीनदा धडपडतं. गुळगुळीत काचेच्या मोझॅकवर प्लास्टिकचा ब्रश घसरतो, तिथं स्पंजसारखा मऊ रोलर असलेलं यंत्र लागतं. दाजींकडं नेमकं मोझॅकच आहे. त्यांना मी तोच मुद्दा पहिला सांगितला.

तिसरा प्रकार नकाशावाला. सेन्सरनं तलावाचा आकार ओळखून तो ओळीनं फिरतो, काही यंत्रं पृष्ठभागावरचा कचराही काढतात. मित्राचं यंत्र बघायला खरंच छान वाटतं, एकही पट्टा सुटत नाही. पण माझ्या चौकोनी तलावात आडवंतिडवं फिरणाऱ्या यंत्रानं दोन फेऱ्यांत तेवढंच काम केलं. तलाव वाकड्या आकाराचा असेल, मध्ये बेट किंवा उथळ कट्टा असेल, तर त्या जास्तीच्या पैशाला अर्थ आहे. अॅपवर मात्र भुलू नका. वायफायच्या आणि ब्लूटूथच्या लहरी पाण्यात फार खोल जात नाहीत, त्यामुळे यंत्र बुडालं की अॅपशी त्याचा संबंध सहसा तुटतो. जे ठरवायचं ते काठावर, पाण्यात सोडण्याआधी.

वायरवाला रोबो घ्यावा का, असंही दाजींनी विचारलं. त्याला बॅटरीची चिंता नाही, वर्षानुवर्षं चालतो. पण वायरीला पीळ पडतो, आणि शेतावर मध्येच वीज गेली की काम अर्धवट. बिनवायरचं यंत्र वीज असेल तेव्हा चार्ज करून ठेवता येतं. शेतासाठी मला हीच गोष्ट मोलाची वाटली. बंगल्यात वीज सहसा जात नाही, तिथं वायरवाला नक्की विचारात घ्यावा.

विजेच्या बचतीचं फार सांगतात, म्हणून हिशेब मांडतो. माझी बॅटरी ७,८०० एमएएच, २५ व्होल्टची. म्हणजे १९५ वॅट-तास, एका युनिटचा पाचवा हिस्सा. हातानं व्हॅक्यूम मारायला १ एचपीचा पंप दीड तास चालवला तर एक युनिटच्या वर जातं. आठवड्याला एक युनिट वाचलं, एवढंच. खरी बचत पाण्याची आहे. रोबोचा कचरा त्याच्याच जाळीत राहतो, वाळूच्या फिल्टरवर जात नाही, आणि बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, कमी करावा लागतो. माझ्याकडं एका बॅकवॉशला पाचशे लिटरच्या आसपास पाणी जातं. एप्रिल-मेमध्ये बोअर दमतो तेव्हा ते पाणी जाणवतं.

बॅटरी हा या यंत्रांचा कच्चा दुवा. लिथियम बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा चार्ज झाली की तिची ताकद उतरू लागते. आठवड्याला दोनदा चालवलं तर तीन-चार वर्षं सहज. पण उन्हात ठेवून चार्ज केली किंवा पावसाळ्याचे चार महिने रिकामी टाकून दिली तर त्याआधीच गेली समजा. बंद ठेवताना निम्मी भरून सावलीत, कोरड्या जागी ठेवायची, आणि दोन महिन्यांनी एकदा बघायची.

माझं पहिलं यंत्र चौदाव्या महिन्यात एकदा बंद पडलं. विक्रेत्यानं आधी फोन उचलला नाही, मग सांगितलं की अख्खं यंत्र परराज्यात पाठवा. लिथियम बॅटरी मालवाहतुकीत धोकादायक माल धरतात, त्यामुळे कुरिअरवाले सरळ घेईनात. दीड महिना गेला. उद्यमनगरातल्या माझ्या ओळखीच्या कारागिरानं पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं फिरतं चाक, हातानं घडवून दिलाय, इंजिनाचे सुटे भाग बनवणारं गाव आहे आपलं. पण त्यानंही ते यंत्र हातात फिरवून परत दिलं. "दादा, उघडीन, पण सील परत तसंच बसंल याची खात्री न्हाई." बरोबरच होतं. आत पाणी शिरलं की संपलं, आणि उघडलं की वॉरंटीही गेली.

म्हणून नावं बघताना मी आता सेवा आधी बघतो. डॉल्फिन हे इस्रायलच्या मेट्रॉनिक्सचं, ही कंपनी १९८३ पासून याच धंद्यात आहे. एपर, वायबॉट, बीटबॉट या चिनी कंपन्या, बिनवायरच्या यंत्रांत त्यांनी भरपूर प्रकार आणलेत. परदेशात ज्याला मध्यम म्हणतात तो पट्टा साधारण ५०० ते १,००० डॉलरचा. इथं त्यावर आयात शुल्क आणि जीएसटी चढतो. ऑनलाईन स्वस्त दिसलं तरी तीन गोष्टी लेखी घ्या: भारतातली वॉरंटी किती, बॅटरी वेगळी मिळते का, आणि यंत्र न्यायला-आणायला खर्च कुणाचा. जो विक्रेता यावर गोलमोल बोलेल त्याच्याकडून दहा हजार स्वस्त मिळालं तरी मी घेणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. शेतावर, उसाच्या पट्ट्यात असाल तर तळ, भिंत आणि पाण्याची रेघ असं तिन्ही करणारं आणि बारीक जाळी मिळणारं मधल्या किमतीचं यंत्र घ्या, नकाशाचे पैसे वाचवा. दाजींसारखा शहरातला टाईल्सचा तलाव असेल तर मऊ रोलरचं भिंत चढणारं. पांढरा थर मात्र जड पाण्याचा आहे, तो यंत्रानं नुसता हलका होईल, जाणार नाही. क्लोरीनचा मोठा डोस मारला असेल त्या दिवशी कुठलंच यंत्र पाण्यात ठेवू नका, आणि ते फिरत असताना पोरांना पाण्यात सोडू नका.

दाजींनी दोन विक्रेत्यांना पुढच्या रविवारी घरी बोलावलंय. मी शेतावरून डबाभर तांबडी माती आणि पिशवीत थोडी काजळी घेऊन जाणार आहे. दोन्ही खोल बाजूला टाकायची, पूर्ण खाली बसू द्यायची, आणि प्रत्येकाचं यंत्र एक-एक फेरी सोडायचं. मग जाळी पांढऱ्या बादलीत धुऊन बघायची, कुणाच्या बादलीतलं पाणी जास्त काळं होतंय ते.