दाराचं हँडल: फवारा, चांदी की पितळ?

स्टीलच्या हँडलवर हायपोक्लोराइटचा, म्हणजे ब्लीचचा, फडका मारून तुमचं भागत असेल, तर खुशाल तेच चालू ठेवा. 'हँडलनेच जंतू मारावेत, एकदाच काय ते करून टाकू' असं ठरवलंय आणि जंतुनाशक थराचा फवारा, चांदीचा लेप की सरळ पितळ इथे घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. माझा दवाखाना दोन खोल्यांचा. तीन दारं, जिन्याला एक कठडा. तिन्ही प्रकार वापरून झालेत, त्यामुळे मी अगदीच तटस्थ नाही, हे आधीच कबूल.

फवाऱ्याचा माणूस आला आणि अर्ध्या तासात सगळं फवारून, 90 दिवसांचा स्टिकर चिकटवून गेला. रसायन सिलेन नावाच्या चिकटवणाऱ्या घटकाच्या आधाराने पृष्ठभागाला धरून राहतं आणि अंगावर येणाऱ्या जंतूचं आवरण फोडतं. तत्त्व चांगलं. हँडल बदलायला नको, भाड्याच्या जागेत तर फारच सोयीचं. जाता जाता तो एवढंच म्हणाला, "ब्लीच लावू नका, घासू तर मुळीच नका, थर निघेल." आमच्या मावशींनी ते वेदवाक्य मानलं. तीन आठवड्यांत हँडलवर हातांच्या तेलामळाचं असं पुट चढलं की खालचा थर शाबूत असला तरी त्याची जंतूशी गाठ पडणं कठीण. एक दिवस मावशींनी विचारलं, "डॉक्टर, ते औषध आहे का गेलं?" मला सांगता येईना. असलं तरी हँडल तसंच दिसतं, गेलं तरी तसंच. पैसे मोजले जंतू मारायला आणि बंद पडलं ते पुसणं! माझा निकाल तिथेच लागला.

चांदीच्या आयनांची पावडर कोटिंग केलेली हँडलं देखणी असतात, बिनधास्त पुसता येतात. पत्रकावरचे 'जंतू 99.9 टक्के मरतात' हे आकडे बहुधा जपानी जेआयएस झेड 2801 चाचणीतले असतात: 35 अंश तापमान, भरपूर दमटपणा, जंतूंचा ओला थेंब प्लॅस्टिकच्या फिल्मखाली झाकून 24 तास. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी हँडलला असा ओलावा कुठला? साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या कीव्हिल यांच्या गटाचं 2009 चं काम वाचा. खोलीच्या तापमानाला, कोरड्या हवेत चांदीचा लेप स्टीलइतकाच निष्क्रिय राहिला, तांब्याने मात्र काम केलं. (त्यात तांबे उद्योगाच्या संघटनेचा सहभाग होता, हेही लक्षात ठेवावं.) कोकणात, पावसाळ्यात चांदी कदाचित बरी वागत असेल.

राहिलं पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त. त्याचे दुर्गुण मी रोज हाताळतो. हाताला वास येतो, घामाने डाग पडतात, किंमत स्टीलच्या कितीतरी पट. बाहेरच्या दाराचं हँडल चोरीला जाईल म्हणून त्याचे बोल्ट आतून घ्यावे लागले. तरीही 1983 मध्ये फिलिस कून यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या दारांच्या मुठी तपासल्या, ती गोष्ट डोक्यातून जात नाही. पितळेवरचे जंतू सात तासांच्या आत संपत. पितळ नुकतं घासलेलं असेल तर तासाभरातच. म्हणजे फवाऱ्याच्या नेमकं उलट!

घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2008 मध्ये मान्यता दिली ती किमान 60 टक्के तांबं असलेल्या मिश्रधातूंना, तीही वर लॅकर (पारदर्शक वार्निश) किंवा मेण नसेल तर. लेथवर कातायच्या पितळेत तांबं 58 टक्क्यांच्या आसपास भरतं, म्हणून 63-37 (63 टक्के तांबं, 37 टक्के जस्त) मागा. दुकानातली झळाळी लॅकरची असते, ती थिनरने काढून टाका. लोहचुंबक खिशात असू द्या. चिकटला तर ते पितळेचं पाणी दिलेलं लोखंड.

शिवाय पुढचा पेशंट अर्ध्या मिनिटात तेच हँडल धरतो. इतक्या झटपट यातलं काहीच काम करत नाही, त्यामुळे बेसिन आणि साबण आहे तिथेच आहेत. पर्यावरणाचं म्हणाल, तर फवारा पुन्हा पुन्हा मारावा लागतो, लेप झिजला की हँडल कचऱ्यात जातं, पितळ मोडीत किलोच्या भावाने विकलं जातं.

शनिवारी मावशी चिंच-मिठाने हँडलं लख्ख करतात. चार-पाच दिवसांत त्यांवर बोटांचे काळसर ठसे उमटतात. ते दिसले की मी काही न सांगताच त्या चिंच भिजत घालतात.