केसतोडावर कुठलं तेल: टी ट्री, लवंग की संत्रासाल?

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला, की नागपुरात मानेवर केसतोड आणि पाठीवर पुळ्या ठरलेल्याच. हे बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस या बॅक्टेरियाचं काम. त्यावर एकच बाटली घ्यायची तर मी टी ट्री घेईन, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं तेल.

प्रयोगशाळेतल्या बशीत लवंग तेल टी ट्रीला सहज टक्कर देतं. त्यातलं युजेनॉल नावाचं द्रव्य बॅक्टेरियाचं आवरण फोडतं. पण कातडी म्हणजे बशी नव्हे. मागच्या उन्हाळ्यात इतवारी बाजारातून आणलेलं लवंग तेल मी कापसाने थेट मानेवर टेकवलं. केसतोड राहिला बाजूला, रुपयाएवढा लाल चट्टा उठला आणि चार दिवस कॉलरचा शर्ट घालवेना. त्वचेसाठी त्याची मर्यादा अर्धा टक्का, म्हणजे १० मिली खोबरेल तेलात जेमतेम एक थेंब! तेवढ्यात बशीतला तो जोर कुठून येणार?

टी ट्री ५ टक्क्यांपर्यंत बहुतेकांना सोसतं: त्याच १० मिलीत साधारण दहा थेंब. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ जणांवर ५ टक्के टी ट्री जेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड (मुरुमांचं नेहमीचं औषध) यांची तुलना झाली. मुरुमं दोन्हींनी कमी झाली. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण आग-कोरडेपणा कमी. चेहऱ्यासाठी मात्र तयार जेलच बरं, खोबरेल तेलाने छिद्रं बुजतात. बाटलीवर टर्पिनेन-४-ऑल (टी ट्रीतला मुख्य जंतुनाशक घटक) किमान ३५ टक्के आहे का, ते बघा. आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस थांबा. पोटात मुळीच जाऊ देऊ नका.

संत्र्याच्या सालीचं तेल आपल्या गावचं, वासही झकास, पण त्यात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन हे सुगंधी द्रव्य. हवा लागून ते जुनं झालं की त्याचीच ॲलर्जी होते. खोलीत दरवळायला ठेवा. निंबोळीचं तेल या उडून जाणाऱ्या सुगंधी तेलांच्या रांगेतलं नाहीच, ते बियांचं घाण्यावरचं तेल.

गळू ठणकतंय, ताप आहे किंवा शुगर आहे, तर तेलाच्या नादी न लागता थेट डॉक्टरकडे. गोल कडेचा नायटा असेल तर ती बुरशी, औषधच वेगळं. आणि टी ट्रीची बाटली गडद काचेची घ्या, फ्रीजमध्ये ठेवा. जुनं झालेलं तेही अंगावर उठतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात कपाटसुद्धा भट्टीच असतं.