कन्व्हेन्शनल की अ‍ॅड्रेसेबल? स्मोक डिटेक्टरच्या देखभालीच्या बाजूने तुलना

नाशिकच्या पंचवटीतला लॉज असो की गंगापूर रोडवरचं हॉस्पिटल, फायर अलार्मची दोन कोटेशन समोर येतात. कन्व्हेन्शनल स्वस्त, अ‍ॅड्रेसेबल महाग. बहुतेक जण तिथेच ठरवून मोकळे होतात. पण सिस्टिम एकदाच बसते, तपासावी मात्र वर्षानुवर्षं लागते. म्हणून देखभाल कुठे सोपी, हे आधी बघा.

कन्व्हेन्शनलमध्ये एका झोनच्या, म्हणजे इमारतीच्या एका भागाच्या, दोन वायरींवर साधारण २० डिटेक्टर असतात. त्यातल्या कोणत्याही एकाने धूर पकडला, तरी पॅनेल फक्त 'दुसरा मजला' एवढंच सांगतं. मग खोल्या उघडत डिटेक्टरवरचा लाल दिवा शोधायचा. यात्रेकरू कुलूप लावून गोदाघाटावर गेले असतील, तर पंचाईतच. यावर स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक दारावर रिस्पॉन्स इंडिकेटर, म्हणजे आतल्या डिटेक्टरने धूर पकडला की बाहेर लागणारा दिवा. तो कोटेशनमध्ये नसेल, तर लिहून घ्या. फॉल्टचंही तसंच. डिटेक्टर बेसमधून काढला, वायर तुटली किंवा वायर अखंड आहे हे पॅनेलला कळावं म्हणून शेवटी लावलेला एंड-ऑफ-लाइन रेझिस्टर सैल झाला, तरी पॅनेलवर तोच एक दिवा लागतो. तुटलेल्या जागेच्या पुढचे डिटेक्टर तोवर बंद असतात.

अ‍ॅड्रेसेबलमध्ये प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा अ‍ॅड्रेस म्हणजे क्रमांक असतो, म्हणून थेट 'खोली २०४' अशी नोंद येते. वायर पॅनेलपासून निघून पॅनेललाच परत येते, त्यामुळे एका जागी तुटली तरी दोन्ही बाजूंनी काम चालू राहतं. शॉर्ट झाला तर वायरीवर बसवलेला आयसोलेटर तेवढाच तुकडा वेगळा करतो. अ‍ॅनालॉग प्रकार, म्हणजे धुराचं प्रमाण सतत पॅनेलला कळवणारा, असेल, तर डिटेक्टर मळत चालल्याची सूचनाही आधी मिळते. सातपूर-अंबडच्या धुळीत या एका सोयीने बरेच खोटे अलार्म टळतात.

पण अ‍ॅड्रेसेबलची दुखणी वेगळी. बदललेल्या डिटेक्टरला जुनाच अ‍ॅड्रेस द्यायला विसरलं, तर पॅनेल 'डिव्हाइस मिसिंग' दाखवतं. दोघांना एकच अ‍ॅड्रेस पडला, तर गोंधळ वाढतो. एका कंपनीचा डिटेक्टर दुसरीच्या पॅनेलवर सहसा चालत नाही, म्हणून त्याच मॉडेलचे दोन-तीन स्पेअर घ्या. प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड आणि साइट फाइलची (तुमच्या इमारतीच्या सेटिंगची) कॉपी हँडओव्हरलाच ताब्यात घ्या. नाहीतर एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) बदलायची वेळ आली की हात बांधले जातात.

धुराची चाचणी दोन्हींत सारखीच आणि तीच खरी. मॅग्नेटने सर्किट तपासलं जातं, पण जाळीतून धूर आत जातो का, हे त्यातून कळत नाही. काठीवरच्या कपात टेस्ट एरोसोल बसवून छोटा फवारा मारा, अलार्मची वाट बघा, मग रीसेट करा. एकसारखा फवारा मारला तर चेंबरमध्ये थर बसतो. अगरबत्तीने तपासू नका, तिचा चिकट अंश आत राहतो. चाचणीआधी माणसांना कळवा. लिफ्ट आणि एसीचे इंटरलॉक (अलार्म वाजताच ते आपोआप थांबवणारी जोडणी) बायपास करा आणि नंतर आठवणीने पूर्ववत करा. सफाई मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने, पावसाळ्यात किड्यांसाठी जास्त वेळा. रंगकाम संपल्यावर डिटेक्टरवरची प्लास्टिकची टोपी काढली का, हे स्वतः बघा.

बॅटरीही दोन्हींना लागते. बहुतेक पॅनेलमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. मेन बंद करून हूटर (अलार्मचा भोंगा) वाजवा. आवाज खाली गेला, तर बॅटरी बदलायची वेळ आली.

आमचं मत असं. उघडे हॉल, दोन-तीन झोन आणि ३०-४० डिटेक्टर असतील, तर कन्व्हेन्शनल पुरेशी आहे. बंद खोल्यांचे लॉज आणि हॉस्पिटल यांनी अ‍ॅड्रेसेबलच घ्यावी, सिंहस्थाच्या गर्दीत तर नक्कीच. फॉर्म 'बी', म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, दोन्हींसाठी सारखाच: दर जानेवारी आणि जुलैत, लायसन्सधारक एजन्सीकडून. त्यासोबत प्रत्येक डिटेक्टरच्या चाचणीची यादी मागा, कन्व्हेन्शनलमध्ये ती हाताने भरलेली असेल आणि अ‍ॅड्रेसेबलमध्ये पॅनेलच्या लॉगशी ताडून पाहता येईल.