मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं 'कोलन पॅनेल': मुंबईत करून घेण्याआधी

मुंबईतल्या खासगी लॅबमध्ये 'कोलन पॅनेल' या नावाने मिळणारी जनुकीय तपासणी तांत्रिकदृष्ट्या चांगली आहे. चुकतो तो क्रम. ऑपरेशनचा रिपोर्ट येताच शेकडो जनुकांचं सिक्वेन्सिंग गळ्यात मारलं जातं आणि आधी करायची स्वस्त आयएचसी (ट्यूमरच्या तुकड्याला रंग देऊन त्यात ठरावीक प्रथिनं आहेत का बघणारी तपासणी) मागे पडते.

आयएचसीत एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही चार प्रथिनं बघतात. डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करणं हे त्यांचं काम. सुमारे १५ टक्के ट्यूमरमध्ये ते बंद पडलेलं असतं. प्रथिनं जोडीने राहतात. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ जातं, एमएसएच२ गेलं की एमएसएच६. एकटं पीएमएस२ किंवा एमएसएच६ही जाऊ शकतं, ती लॅबची चूक नव्हे. शेजारच्या लिम्फोसाइटमध्ये (निरोगी पांढऱ्या पेशींमध्ये) रंग आल्याची नोंद मात्र हवीच. तिथेही रंग नसेल तर स्टेन (रंग देण्याची प्रक्रिया) फसलाय, पुन्हा करायला लावा.

सगळ्यात लंगडा भाग याच्या पुढचा. एमएलएच१ नाही म्हटल्यावर रिपोर्टखाली 'लिंच सिंड्रोमची (वारशाने येणाऱ्या कॅन्सरच्या धोक्याची) शक्यता' छापून मोकळे होतात आणि घरात मुलाबाळांच्या रक्ततपासण्यांची धावपळ सुरू होते. खरं तर अशा बहुतेक ट्यूमरमध्ये एमएलएच१ जनुक धडधाकट असतं. त्याच्या प्रमोटरवर (जनुक सुरू करणाऱ्या भागावर) मिथाइलचे गट चढल्याने, म्हणजे मिथिलेशनने, ते कुलूपबंद झालेलं असतं, आणि हा बदल सहसा वारशाने येत नाही. म्हणून आधी ट्यूमरमध्ये बीरॅफ व्ही६००ई हे बीरॅफ जनुकातलं म्यूटेशन तपासा. सापडलं तर लिंच जवळपास बाद. नाही सापडलं तरी काही सिद्ध होत नाही, मग प्रमोटर मिथिलेशनची तपासणी करा. तेही नसेल तर रक्तावरची वारसा-तपासणी, समुपदेशनासह. मिथिलेशन आहे पण रुग्ण तरुण आहे, तर रक्तातही मिथिलेशन बघायला सांगा. क्वचित ते जन्मजात असतं. एमएसएच२ गेलं असेल तर पॅनेलमध्ये एपकॅम या शेजारच्या जनुकाचं डिलीशन (तुकडा गळणं) धरलंय का विचारा. त्या जनुकाचं शेपूट तुटलं की शेजारचं एमएसएच२ मिथिलेशनने गप्प होतं.

चौथ्या स्टेजला के-रास आणि एन-रास या जनुकांच्या तपासण्या हव्यातच, दोन्हींचे एक्सॉन (जनुकाचे भाग) २, ३, ४. फक्त कोडॉन १२-१३ (एक्सॉन २ मधल्या दोन जागा) बघणारं किट घेऊ नका. बाकीच्या म्यूटेशनमध्येही सेटुक्सिमॅब हे कॅन्सरचं औषध लागू पडत नाही.

लॅब कितीही भारी असो, ब्लॉक (मेणात बसवलेला ट्यूमरचा तुकडा) वाईट असेल तर पैसे पाण्यात. तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास हवा. कमी मुरला तर आयएचसी फिकी येते, जास्त मुरला तर डीएनएचे तुकडे पडतात. मिथिलेशन तपासण्यासाठीची बायसल्फाइट ही रासायनिक प्रक्रिया डीएनए आणखी मोडते, त्यामुळे जुन्या ब्लॉकवर नेमकी हीच तपासणी फेल जाते. चिकट म्यूसिनने भरलेल्या ट्यूमरमध्ये पेशीच विरळ असतात. पॅथॉलॉजिस्टकडून भरगच्च भागावर खूण करून घ्या. रेक्टमला (गुदाशयाला) आधी रेडिएशन झालं असेल तर एमएसएच६ फसवं फिकं दिसू शकतं, म्हणून उपचाराआधीची बायोप्सी द्या.

कापलेल्या कोऱ्या स्लाइड पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे घरी ठेवू नका, दमटपणाने अँटिजेन (ज्याला रंग चिकटतो तो प्रथिनाचा भाग) मरतो. शक्यतो ब्लॉकच द्या. पावतीवर त्याचा नंबर लिहून घ्या आणि काम झाल्यावर तो परत मागा.