पॉप वॉर्नरचे वजनगट : मुलाचं नाव घालण्याआधी

अमेरिकेत मुलाला टॅकल फुटबॉल (सॉकर नव्हे, हेल्मेट आणि पॅड घालून खेळतात तो) खेळायचा असेल, तर पालकांच्या कानावर पॉप वॉर्नरचं नाव येतंच. १९२९ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेली ही संस्था वय आणि वजन दोन्ही पाहून गट पाडण्यासाठी ओळखली जाते. आता तिच्याकडे निव्वळ वयाचे गटही आहेत, म्हणून आपल्या गावातली शाखा कोणती पद्धत वापरते ते आधी विचारा.

वजनगटाचा हेतू रास्त आहे. धावत येणाऱ्या ६० किलोच्या मुलाला ३५ किलोच्या मुलाने अडवायचं, हा सामनाच नव्हे. जुन्या कोष्टकातली एक सोय तर फार चांगली: वयाने मोठा पण अंगाने हलका मुलगा खालच्या गटात खेळू शकतो, फक्त त्याची वजनमर्यादा इतरांपेक्षा कमी असते. उशिरा वाढीला लागणाऱ्या मुलांना यामुळे खेळ सोडावा लागत नाही.

अन्याय होतो तो जड मुलावर. दहा वर्षांचा, १२५ पौंडांचा (सुमारे ५७ किलो) मुलगा वरच्या गटात ढकलला जातो आणि बारा वर्षांच्या मुलांसमोर उभा राहतो. वजन जुळतं, पण चपळाई, ताकद आणि खेळाची समज दहा वर्षांचीच असते. काटा चरबी आणि स्नायू यांत फरक करत नाही, मूल वयात आलंय की नाही हेही सांगत नाही.

त्याहून वाईट म्हणजे वजन उतरवणं. सराव ऑगस्टच्या उकाड्यात सुरू होतो. काट्यावर बसावं म्हणून उपाशी ठेवलेलं, पाणी तोडलेलं मूल हेल्मेट घालून धावलं, तर उष्माघाताचा धोका खरा आहे. प्रशिक्षकाने ‘दोन पौंड कमी करून आणा’ म्हटलं, तर स्पष्ट नाही म्हणा.

आमच्या मते यापेक्षा बरी पद्धत अनेक स्थानिक लीगमध्ये आहे. गट वयाचे, आणि ठरावीक वजनावरच्या मुलाच्या हेल्मेटवर पट्टी. पट्टीवाल्याने चेंडू घेऊन धावायचं नाही. सुटलेला चेंडू त्याच्या हाती आला की बहुतेक ठिकाणी खेळ तिथेच थांबतो. जड मूल आपल्या वर्गमित्रांतच राहतं आणि वेगातली सर्वांत धोकादायक धडक टळते. उणीव एकच, पण मोठी: ते मूल वर्षानुवर्षं लाइनवरच (डाव सुरू होताना दोन्ही संघांचे खेळाडू समोरासमोर उभे राहतात त्या रांगेत) अडकतं, आणि लाइनवर तर प्रत्येक डावात टक्कर होते.

म्हणून टकरीच कमी करणारे नियम आम्ही काट्याइतकेच महत्त्वाचे मानतो. इथे पॉप वॉर्नरला पूर्ण गुण. २०१२ मध्ये सरावातल्या टकरींच्या वेळेवर मर्यादा आली आणि तीन यार्डांहून जास्त अंतरावरून समोरासमोर धडकण्याचे सराव बंद झाले. २०१६ मध्ये सर्वांत लहान तीन गटांतून किकऑफ (लाथेने चेंडू दूर मारून खेळ सुरू करणं, ज्यात मुलं दुरून धावत येऊन धडकतात) गेला, २०१९ मध्ये लाइनवर हात जमिनीला टेकवून, डोकं पुढे काढून वाकून उभं राहणंही.

नोंदणीच्या वेळी एवढं विचारा: वजन एकदाच होतं की प्रत्येक सामन्याआधी? पॅडसह की पॅडविना? हंगामात वाढत्या अंगाला किती पौंडांची सूट? सरावात जोड्या लावताना वजन पाहतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर त्या हंगामापुरतं फ्लॅग फुटबॉलला (यात धडकायचं नसतं, कमरेची पट्टी ओढून अडवायचं असतं) नाव घाला.